शेजारचा ब्रेक

४ मे

निघालो एकदाचे. आणि चौकातल्या पेट्रोल पंपावरच पहिला अपमान पदरात पडला. पेट्रोल भरणाऱ्याने वाकून आत पाहिलं, शेजारच्या सीटपुढचे जादा ब्रेक-क्लच पाहिले आणि विचारलं, "सर, आज कुणाची परीक्षा?" मी म्हटलं, परीक्षा संपल्या, स्कूल बंद केलं, आता आम्ही दोघं देशाच्या त्या टोकाला निघालोय, समुद्र बघायला. तो हसला. उभी हयात ड्रायव्हिंग स्कूल चालवलेल्या माणसाने त्याच गाडीतून फिरायला जावं, यात हसण्यासारखं काय आहे कोण जाणे. पण लाज वाटली खरी.

असं होणार हे माहीत होतं, म्हणून तर छपरावरची पाटी काढली आणि दारांवरचं स्कूलचं नाव पत्र्याच्या पट्टीने खरवडून टाकलं. मागची 'शिकाऊ चालक, अंतर ठेवा' ही पत्र्याची पाटी तेवढी हिला ठेवायची होती. म्हणाली, असू द्या, लोक जरा लांब राहतात. मी म्हटलं, अगं, अर्ध्या शहराला गाडी शिकवलेला माणूस मी, पाठीवर शिकाऊ लिहून फिरू? स्क्रू काढून पाटी डिकीत टाकली.

शेजारचे पेडलही काढणार होतो, पण तिथे हिने हट्ट धरला. पुढे गाडी विकताना दुसऱ्या स्कूलवाल्याला उपयोगी पडतील म्हणे. हिचं डोकं व्यवहारात चालतं ते असं. मग राहू दिले, आणि राहिलेच आहेत तर दोन्हीकडच्या पेडलना नवी रबरं बसवली. अर्धवट काम मला आवडत नाही.

६ मे

सपाट मुलूख, सरळ रस्ता, ऊन मात्र डोळे फोडणारं. गाडी काय पळतेय! इतकी वर्षं नवशिक्यांनी क्लच जाळून आणि गिअर खरडून तिचे हाल केले, आता एका हाती आली तर सुतासारखी सरळ चालतेय. ब्रेकची तर कमाल. गॅरेजवाल्याने ते असे काही बसवून दिलेत की माझा पाय पोचेपर्यंत गाडी निम्मी थांबलेली असते, पेडल पायाखाली आपणहून खाली जातं. आज एका वळणावर गुरं आडवी आली. मला दिसली तोवर गाडी हळू झालीसुद्धा होती. अंगात मुरलेली सवय म्हणतात ती हीच, डोक्याच्या आधी अंग काम करतं. हिला म्हटलं, बघितलंस? ती म्हणाली, बघितलं.

संध्याकाळी हिचा उजवा घोटा सुजला, पोटरीत गोळे आले. गाडी मी चालवतो आणि पाय हिचे दुखतात, असं लॉजवाल्यासमोर म्हणालो, तर तो खूप हसला. ही नाही हसली. नंतर मला उगाच बोललो असं वाटलं, तेल गरम करून दिलं.

एक गंमत मात्र आहे. खुर्ची असो, बाक असो, बँकेतला सोफा असो, ही बाई मांडी घालूनच बसणार. गाडीत मात्र मुलाखतीला आल्यासारखी पाय खाली सोडून ताठ बसते. म्हटलं, घाल की मांडी, पाय नाही दुखायचा. तर म्हणाली, सीट लहान आहे. सीट तीच आहे, हिनेच त्यावर बसून बायकांच्या इतक्या बॅचेस शिकवल्या. वय झालं की सवयी बदलतात.

मांडीवरून आठवलं. एखादा विद्यार्थी तयार झाला की मी त्याला तोंडाने तसं सांगत नसे. भर रहदारीत चपला काढून शेजारी मांडी घालून बसायचो. म्हणजे माझे पाय आता ब्रेकवर नाहीत, गाडी तुझी. काहींना घाम फुटायचा, एक मोठे अधिकारी तर चक्क रडले होते. त्याआधी मात्र मी इतका हलका ब्रेक लावायचो की शिकणाऱ्याला वाटावं, गाडी आपणच थांबवली. आपल्याला सांभाळून घेतायत हे कळलं की माणूस खचतो. ही कला मी हिला शिकवली, आणि खोटं कशाला बोलू, तिने ती माझ्याहून चांगली आत्मसात केली.

९ मे

आज लॉजवर तोंड लपवायला जागा शोधत होतो. नोंदवहीत नाव लिहिलं, तर मॅनेजर म्हणाला, साहेब, तुम्ही दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या नावावर लिहिलंय. बघितलं तर खरंच, कुणाच्या तरी नावावर माझं नाव. मी हिच्यावर खेकसलो की चष्मा वेळेवर हातात देत जा. मॅनेजर खाली बघायला लागला. चष्मा माझ्या नाकावरच होता.

हिने वही ओढून घेतली आणि खालच्या ओळीत नीट नाव लिहिलं. खोलीत आल्यावर मी म्हटलं, त्यांची शाईच फिकी आहे, ओळ दिसणार कशी? हल्ली सगळ्याच शाया फिक्या येतात. मी या वहीसाठी वाटेत नवीन पेन घेतलं, तेही तसलंच. जोर देऊन लिहावं लागतं.

११ मे

हिला नवीनच खोड लागलीय. रस्त्यावरचं जे दिसेल ते मोठ्यांदा वाचते. पुढे अरुंद पूल. शाळा आहे. ट्रक उभा आहे हं. सायकलवाली म्हातारी, काय झोकात चाललीय बघा. मी पहिले दोन दिवस कौतुकाने ऐकलं, म्हटलं, प्रवासाचा आनंद होतोय बाईला. पण किती म्हणून ऐकायचं?

आज चहाच्या टपरीवर माझा तोल गेला. गाडी उभी करताना ही "बास, बास, दगड आहे" म्हणाली आणि खिडकीतून ते सगळ्यांनी ऐकलं. बाकावर ट्रकवाले बसले होते. मी उतरलो आणि सगळ्यांच्या देखत म्हणालो, "गाडी मी चालवतोय की तू? पन्नास वेळा सांगितलं, तोंडाला ब्रेक लाव." ट्रकवाले खो खो हसले. एकाने सरकून हिला बाकावर जागा दिली. ती तिथे बसली आणि चहात बघत राहिली, मांडी न घालता.

निघताना मी चाकाजवळ पाहिलं. दगड होता. चांगला मोठा होता.

गाडीत बसल्यावर माफी मागायला म्हणून तोंड उघडलं आणि बोललो काय, तर चहा फारच गोड होता. असा मी. त्यानंतर दिवसभर ती पाट्या वाचत होती, पण हळू आवाजात, स्वतःशीच वाचल्यासारखी. मी कान देऊन ऐकत होतो, हेही लिहून ठेवतो.

१४ मे

निम्मा देश ओलांडून दादांच्या गावी पोचलो. दादा म्हणजे हिचे थोरले भाऊ. पाट्या रंगवतात. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, शाळांच्या. आम्ही स्कूल काढलं तेव्हा गाडीवरची सगळी अक्षरं त्यांनीच येऊन रंगवून दिली होती, लग्नानंतरचा तोच काय तो त्यांचा आमच्याकडचा मुक्काम.

हे मला कधी आठवावं? ते बाहेर येऊन गाडीभोवती फिरले आणि खरवडलेल्या दारावर त्यांनी अंगठा फिरवला तेव्हा. मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते एवढंच म्हणाले, "गाडी छान ठेवलीत, जावईबापू."

आता सगळीकडे छापील पाट्या झाल्या, ब्रशला काम उरलं नाही. पण गावातल्या नव्या वाचनालयाच्या अध्यक्षांनी हट्टाने दादांना बोलावलंय. दर्शनी भिंतीवर माणसाच्या उंचीची अक्षरं हवीत, हातानेच काढलेली. दादा महिनाभर अंगणात वर्तमानपत्रं पसरून त्या अक्षरांचा सराव करतायत. वहिनी म्हणाल्या, लग्नात नव्हते इतके हे आता खूश आहेत. वहिनींचं बोलणं असंच.

१६ मे

लिहू की नको असं होतंय. लिहितो.

सकाळी दादा म्हणाले, चला, भिंत दाखवतो. मी म्हटलं, तुम्ही पुढे बसा. तर ही मध्येच म्हणाली, मला मागे मळमळतं. मी विचारलं, कधीपासून? मग म्हणाली, दादाला मागे ऐसपैस होईल. दादांची कंबर धरलेली, त्यांना पुढेच बरं, हे कुणालाही कळेल. तरी ही पुढचं दार धरून उभी. वहिनी बघत होत्या, शेजारचे बघत होते. मी म्हणालो, "मागे बसायचं आणि गप्प बसायचं. आज पाट्या वाचायच्या नाहीत. पाट्या रंगवणारा माणूसच पुढे बसलाय." सगळे हसले. तिने दार सोडलं आणि मागे जाऊन बसली.

वाटेत दादा आपली जुनी कामं दाखवत होते. औषधाच्या दुकानाकडे बोट करून म्हणाले, ते बघा, तिथे माझी पहिली पाटी. मी बघितलं आणि म्हटलं, "वा, काय वळण आहे अक्षराला!" दादा का कोण जाणे एकदम गप्प झाले. मागे ही खाकरली.

पुढे रस्ता उन्हातून झाडांच्या सावलीत शिरतो. तिथे विटांची ट्रॉली उभी होती. आम्ही तिच्यावर आदळलो.

वेग फार नव्हता. बॉनेट दुमडलं, काच फुटली. दादांनी सावरायला हात पुढे टाकला होता. मनगट मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. उजवं मनगट.

लोक धावत आले. कुणीतरी विचारलं, सर, झालं तरी काय? सगळे माझ्याकडे बघत होते. दादाही बघत होते, हात छातीशी धरून. तेव्हा मी म्हणालो, "दादा, तुमचा पाय त्या पेडलखाली गेला. तिकडचा ब्रेक अडकला की इकडचाही दबत नाही."

एवढ्या कळा येत होत्या, तरी दादांनी वाकून आपल्या पायांकडे पाहिलं. म्हणाले, "हो का? मला कळलंच नाही हो. चुकलं माझं, जावईबापू."

आरशात हिचा चेहरा दिसत होता. कपाळावर टेंगूळ आलं होतं. ती माझ्याकडे बघत होती.

१७ मे

प्लास्टर कोपरापर्यंत. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण बोटांत पहिल्यासारखी सफाई येईल की नाही ते नंतरच सांगता येईल.

पेडलखाली पाय अडकू शकतो. नवशिक्यांच्या बाबतीत हे मी स्वतः पाहिलंय. शक्य आहे.

१८ मे

वाचनालयाचे अध्यक्ष येऊन गेले. खुर्चीच्या टोकावर बसले, हाताची चौकशी केली, चहा अर्धा ठेवला. उद्घाटन पुढे ढकलता येत नाही, म्हणून छापील पाटी सांगावी लागेल, एवढं बोलायला त्यांना फार वेळ लागला. दादांनीच त्यांची समजूत काढली. म्हणाले, "तुमचा काय दोष? माझाच पाय मध्ये आला. जावईबापू होते म्हणून निभावलं, दुसरा कुणी असता तर आज मी नसतो."

मी समोरच बसलो होतो. चहा पीत होतो.

ही माझ्याशी बोलते ती कामापुरती. टॉवेल कुठाय, गोळी घेतली का. मी विचारलं, रागावलीस का? ती म्हणाली, कुणावर?

१९ मे

गॅरेजवाल्याने उद्या गाडी न्यायला येतो म्हणून कळवलं होतं. त्याआधी आतल्या काचा गोळा कराव्यात म्हणून मी फाटकाशी गाडीत वाकलो. शेजारच्या सीटपुढे गुडघे टेकून एक एक तुकडा उचलत होतो. हाताला पेडल लागलं.

ब्रेक कोण किती लावतं हे मला रबराला हात लावून सांगता येतं, डोळे लागत नाहीत. निघायच्या आदल्या दिवशी दोन्हीकडची रबरं मी या हातांनी बसवली होती. माझ्या बाजूच्या ब्रेकच्या रबराच्या रेघा अजून बोटाला टोचतात, त्यावर नव्या रबराची भुकटीसुद्धा आहे. तिच्या बाजूचं रबर मऊ पडलंय, घासून चकाकतंय, आणि कडेला तिच्या चपलेच्या तळव्याचा निळा रंग उतरलाय. क्लच तसाच कोरा. फक्त ब्रेक.

मी तिथेच खाली बसून राहिलो, काचांमध्ये. आपणहून खाली जाणारं पेडल, सुजलेला घोटा, मुलाखतीला आल्यासारखं बसणं. तेल गरम करून दिलं म्हणून स्वतःवर खूश झालो होतो मी. आणि ती गुरं. मला वाटलं, माझं अंग काम करतंय. अंग काम करत होतं, पण तिचं.

ती मागच्या बाजूला कपडे वाळत घालत होती. मी विचारलं, "कधीपासून?"

तिने काय म्हणून विचारलं नाही. म्हणाली, "वर्ष होत आलं. स्कूलमध्येही शेवटी शेवटी तुमच्या बॅचेस मी मागून घेतल्या, त्या उगाच नाही."

"मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही सांगायचात विद्यार्थ्यांना?"

 तिने एक चादर झटकली, दोरीवर टाकली, आणि चादरीच्या पलीकडूनच पुढचं बोलली. कदाचित म्हणूनच बोलू शकली. ट्रॉली तिला लांबूनच दिसली होती. ओरडणार होती. पण सकाळी मी सगळ्यांसमोर गप्प बस म्हणालो होतो, आणि पुढे तिचा भाऊ बसला होता. "म्हटलं, दिसली असेल तुम्हाला. दादासमोर पुन्हा तुमचा पाणउतारा नको. तेवढाच विचार केला आणि तेवढ्यात लागली. पाय मात्र दाबला मी. मागच्या सीटवर, नुसत्या पत्र्यावर."

मग म्हणाली, "मला दादाच्या हाताकडे बघवत नाही."

माझी लाज माझ्यापुरती असती तर एक वेळ चाललं असतं. मी हिलाही त्या लाजेत ओढलंय.

२१ मे

इथल्याच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे ही मला घेऊन गेली. तपासायला बराच वेळ लागला. भिंतीवरचा तक्ता मी वाचायला लागलो तेव्हा वाटलं, तीन ओळी सहज येतील. पहिल्या ओळीनंतर त्या म्हणाल्या, राहू द्या. मोतीबिंदू आहे, तो काढता येईल. पण मागची नस सुकत आलीय, कडेचं बरंचसं गेलंय, ते परत येत नाही. उरलेलं टिकवायचं, रोज थेंब घालायचे. मी काय करतो ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, मग तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

हे शाईचं नव्हतं तर. बिचारी पेनं.

२२ मे

आज दादांना सांगायचं ठरवलं होतं. दुपारी त्यांच्या खोलीत गेलो. ते पडून होते, प्लास्टर उशीवर. मला पाहून उठून बसले आणि म्हणाले, "या. मी विचार करत होतो, माझा नेमका कुठला पाय गेला असेल हो?" मी म्हटलं, डावा असावा. आणि बाहेर आलो.

डावा! एक खोटं कमी होतं म्हणून त्याला पाय जोडून आलो. असल्या माणसाला लोक सर म्हणत होते.

हिने विचारलं, सांगितलंत? मी म्हटलं, त्यांना झोप लागली होती. आता खोटी तीन झाली. ती म्हणाली, मी सांगू का? मी म्हटलं, नको. नको म्हणताना मला वाटत होतं, सांगितलं तर बरं.

२४ मे

सांगितलं.

दादा अंगणात वर्तमानपत्र पसरून डाव्या हाताने अक्षर काढत होते. अक्षर थरथरत होतं, नवशिक्याच्या स्टिअरिंगसारखं. मी समोर जाऊन उभा राहिलो. बसलो असतो तर पुन्हा चहा आला असता आणि मी तो प्यालो असतो.

"दादा, तुमचा पाय कुठेही अडकला नव्हता."

ते ब्रश धरून राहिले. "मग?"

"माझा पाय ब्रेकपर्यंत गेलाच नाही. ट्रॉली मला दिसलीच नाही. मला हे तेव्हाही माहीत होतं, तुमच्यावर ढकललं तेव्हासुद्धा. मी खोटं बोललो."

मग हिच्या पायाचं, वर्षभराचं, डॉक्टरीणबाईंचं, सगळं सांगितलं. फक्त ट्रॉली बघून ही ओरडली नाही, ते नाही सांगितलं. ते सांगायचं की नाही हे तिचं तिने ठरवावं.

दादांनी आपल्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाले, "रोज अंघोळ करताना मी पाय बघतोय माझे. म्हटलं, आयुष्यभर शिडीवर उभं राहून कधी पाय चुकला नाही, आणि आता बसल्या जागी कसा चुकला." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं.

मग म्हणाले, "त्या औषधाच्या दुकानावर पाटी नाहीये. पुसून भिंत पांढरी केली, तीन वर्षं झाली. मी तेच दाखवत होतो, तिथे होती म्हणून. तुम्ही अक्षराचं कौतुक केलंत. मला वाटलं, आपलं मन राखतायत."

मी मान खाली घालून उभा. वहिनी दारात येऊन थांबल्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं असावं. मला वाटलं, आता दादा म्हणतील, झालं ते झालं. ते तसं म्हणाले नाहीत. त्यांनी ब्रश रॉकेलच्या डब्यात ठेवला आणि विचारलं, "आणि माझी अक्षरं का खरवडलीत?"

"लाज वाटत होती," मी म्हटलं. "शिकवणीच्या गाडीतून फिरायची."

"अस्सं," म्हणाले, आणि आत गेले.

रात्री वहिनींनी मला वाढलं, पण वाढताना पुरे का विचारलं नाही.

२५ मे

दादांचे एक जुने मित्र हात बघायला आले. हे कसं झालं म्हणून त्यांनी विचारलं. दादा माझ्याकडे न बघता वर्तमानपत्राची घडी घालत होते. मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं. मला नीट दिसत नाही आणि तरी मी चालवत होतो. यांचा काही दोष नव्हता." मित्र गडबडले. दादांनी घडी बाजूला ठेवली आणि पंखा जरा वाढवायला सांगितला, मला.

वाचनालयाच्या अध्यक्षांकडेही जाऊन आलो. छापील पाटी येऊन पडली होती, भिंतीला टेकवलेली. फार गुळगुळीत. जवळ जाऊन बघितल्यावर मलाही वाचता आली.

२७ मे

काल गाडी दुरुस्त होऊन आली. मी म्हटलं, घरी जाऊ. ही म्हणाली, का? समुद्र बघायला निघालो होतो ना? मी म्हटलं, कुठल्या तोंडाने फिरायचं आता? तर म्हणाली, "मला बघायचाय. इतके दिवस मी समोरच्या रस्त्याशिवाय काही बघितलेलं नाही. निम्मा देश माझ्या शेजारून गेला आणि मी रस्ता नि तुमचा पाय बघत बसले."

किल्ली मी तिच्या हातात दिली. रात्री ती आणि दादा बराच वेळ ओट्यावर बसले होते. तिने आपलं त्यांना सांगितलं असावं. आत आली तेव्हा डोळे सुजलेले होते, पण झोप लागली तिला.

आज सकाळी निघताना दादा फाटकापर्यंत आले. गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "इथली पाटी? तीही खरवडलीत?" मी म्हटलं, नाही, पत्र्याची होती, डिकीत आहे. म्हणाले, "लावा मग." मी डिकीतून काढली. 'शिकाऊ चालक, अंतर ठेवा', त्यांच्या त्या वेळच्या तरण्या हाताची अक्षरं. दादांनी डाव्या हाताने पाटी धरली, मी चाचपत स्क्रू बसवले. एक वाकडा गेला. ते म्हणाले, काढा, पुन्हा बसवा. पुन्हा बसवला. यापलीकडे आम्ही काही बोललो नाही, आणि त्यांनी मला माफ केलं असं मी इथे लिहिणार नाही. हात प्लास्टरमध्ये आहे, तो बाहेर येईल तेव्हा बघू.

ही गाडीत बसली, सीट पुढे ओढली, आरसे आपल्या उंचीला लावून घेतले. मी पहिल्यांदाच प्रवाशासारखा शेजारी बसलो. समोर तो ब्रेक, तिच्या चपलेचा निळा रंग लागलेला. पाय आपोआप त्यावर गेला.

गाव संपलं, सावलीचा रस्ता लागला. तिने वेग धरला, तसा मी ताठ झालो. तिचं काही चुकत नव्हतं, कधीच चुकत नव्हतं. तरी माझा पाय तिथेच होता. मग मी चपला काढल्या, एक पाय वर घेतला, गुडघ्याने कडकड आवाज केला, दुसरा घेतला, आणि मांडी घालून बसलो. सीट खरंच लहान आहे.

पुढे काहीतरी उभं असावं. मला दिसलं नाही, तिने गाडी हळू केली त्यावरून कळलं. मांडीखाली माझा उजवा पाय दाबला गेला, नुसता सीटवर. ते मागे पडल्यावर तिने एकदा खाली माझ्या पायांकडे पाहिलं आणि मग पुन्हा रस्त्याकडे. 

"पाय दुखतील तुमचे," ती म्हणाली.

मी म्हटलं, दुखू देत.